डबा घासणारा बाप

प्रिय आणि अजून रुसलेल्या दौलत,

आपल्या नाटकाची तिसरी घंटा म्हणजे कारखान्याच्या शॉपमधली लोखंडी पट्टी आणि तिच्यावर हाणलेला पान्हा. तो ठणठणाट चौतीस वर्षांनी रावेतच्या या बाराव्या मजल्यावर मला अजून ऐकू येतो.

कामगार नाट्यस्पर्धेतलं माझं नाटक आठवतंय ना? प्रेस मशीनखाली सापडून पोरगा जातो, बाप त्याच्या डब्यासमोर बसून राहतो, अंधार. शाळेतल्या कवितांवर वाढलेला मी. दुःख शेवटच्या ओळीपर्यंत सैल पडू द्यायचं नाही, एवढंच मला ठाऊक. पण डबल शिफ्ट करून आलेला आपला बबन दिव्यांच्या बटणांपाशीच झोपला. उजेड जाईना, पडदा पडेना. आणि तू काय केलंस, तर उठलास, पोराचा डबा उचललास आणि मोरीवर घासायला बसलास! सगळं थिएटर हुंदके देत होतं. परीक्षकांनी मात्र लिहिलं, शोकांतिकेचा शेवट बिघडला. मी विंगेतच ओरडलो, "नाटकाची वाट लावलीस, दौलत्या!" तू म्हणालास, "लेका, उद्या फर्स्ट शिफ्टला बाप जाणार का न्हाई? मग डबा नको?" पुढे निवृत्तीपर्यंत एकाच लाइनवर राबलो, पण बोललो नाही.

माझी सुभद्रा फाल्गुनात गेली. तेराव्यानंतरच्या सकाळी मी तिच्या कुंडीतल्या मिरचीला पाणी घालत होतो. का, ते सांगता येणार नाही, हातच गेला. तिथं मला तुझा शेवट कळला. त्यात सुख नव्हतं राव, पण आशा होती. चूक माझी होती.

म्हणून लिहितोय. पुढच्या महिन्यात सोसायटीच्या हॉलमध्ये तेच नाटक उभं करतोय, तुझ्या शेवटासकट. बापाचं काम तुझंच. गुडघ्यांचं कारण सांगून दोनदा फोन ठेवलास, ते चालणार नाही. तू नाही आलास तर त्या मोरीवर मी बसेन, आणि मी नट कसा आहे ते तुला माहीत आहे. नाटक होणारच.

तुझाच, उशिरा का होईना ऐकणारा,
उद्धव

ता. क. पाकीट चिकटवत होतो तोच बेल वाजली. दारात तुझ्या घरच्या केसरवहिनी! त्या स्पर्धेनंतर ज्यांनी मला चहासुद्धा विचारला नाही, त्या. दापोडीहून एकट्या, दोन बस बदलून. चपला न काढताच म्हणाल्या, "भावजी, ह्यांना आणायचं काम माझं. पण तुमच्या नाटकात पोराची आई कुठं हाय? ती लिवा आधी. मी करणार हाय."