आज चकोत्री दिसली

अहो,

जंगलातून परत आल्यापासून तुमची पक्ष्यांची वही उघडून बसले आहे. चहा दोनदा गार झाला. वहीत लिहायला हात धजत नाही, म्हणून शेवटी हे पत्र तुम्हालाच लिहिते आहे. आज चकोत्री दिसली हो! जिच्यासाठी पारशिवनीकडच्या जंगलात आपण इतकी वर्षं वणवण केली, तीच.

तुम्ही गेल्यावर आज पहिल्यांदाच जंगलात गेले. एसटीत खिडकीची जागा मिळाली, पण बाहेर बघावंसंच वाटेना. डबा मात्र सवयीनं दोघांचा भरला. चार पोळ्या तशाच परत आणल्या. आता त्या कोणाला वाढू, सांगा.

तुमच्या त्या नियमाचा मला किती राग यायचा, माहीत आहे? कोर्टातली कारकुनी संपली, पण साक्षीदाराचं वेड काही सुटलं नाही. म्हणे, दोघांनी पाहिला तरच पक्षी वहीत जाणार! त्या नाल्याकाठी मला चकोत्री दिसली होती, तेव्हा तुम्ही खाली वाकून बुटाची नाडी बांधत होता. "तुले दिसली, मले कुठं दिसली? तितर असेल वं ते," म्हणालात. नागपूर येईपर्यंत मी तुमच्याशी बोलले नाही. तितर नव्हता तो! एकदा तरी माझ्या शब्दावर लिहायचं होतंत.

अर्थात मीही काही कमी नाही. गेल्या दिवाळीआधी तुम्ही विचारलंत, "रविवारी चालतं का?" मी चकल्यांचं कारण सांगितलं. चकल्या काय बाजारात मिळत नव्हत्या? त्यानंतरचा रविवार तुमच्या वाट्याला आलाच नाही. हे मला फार सलतं.

आज सोबत रेखा होती, तिथल्याच गावची गाइड. ती पुढे मोहाच्या झाडावरचा शिक्रा बघत होती. मी मागे रेंगाळले. बांबूखाली सागाची वाळकी पानं खसखसली. मला वाटलं, सरडा असेल. तर ती बाहेर आली. लहानशा कोंबडीएवढी, तपकिरी, डोळ्याभोवती लालबुंद. खाली मान घालून निवांत पानं उकरत होती. जेमतेम पंधरा पावलांवर!

आणि मी काय करावं? तुमची बाही ओढायला डावा हात बाजूला नेला आणि म्हटलं, "अहो, बघा ना!"

हाताला काहीच लागलं नाही. चकोत्री बांबूत पळाली. घरात एकटेपणाची थोडी सवय झाली आहे, पण तिथे भर सकाळी मला अगदी पोरकं वाटलं. त्या वाळक्या पानांत उभी राहून मी हमसून हमसून रडले.

रेखा धावत आली. "काय झालं जी काकू? काही चावलं काय?" मी तिला सगळं सांगितलं, वहीचा नियमही. तर म्हणाली, "मंग लिहून टाका ना. मी बी पाह्यली म्हणून सांगते. कोण पाहून राहिलं इथं?" पोर मायाळू आहे. पण तिनं पाहिली नव्हती ना! तुमच्या वहीत खोटी साक्ष कशी घालू?

आत्ता मात्र लिहिलं. चकोत्री, एक, बांबूखाली. पुढे फक्त माझी सही. रागवायचं तर रागवा. नियम केलात तेव्हा दोघांतलं एक आधी जाईल, हे तुमच्या ध्यानात कसं आलं नाही हो? मग मागे राहिलेलीनं काय डोळे मिटून फिरायचं?

पुढच्या रविवारी पुन्हा जाणार आहे. एक शब्द देते. ती दिसली, तर तुम्हाला हाक मारणार नाही. जड जाईल, पण तोंड मिटून उभी राहीन आणि ती आपणहून निघून जाईपर्यंत एकटीच बघेन.

तुमचीच,
सुमन