वरचे अकरा किलोमीटर

२ नोव्हेंबर, रविवार
माझ्या बायकोला, राइलीला, जाऊन आज तीन आठवडे झाले. मी ठीक आहे. कामाला लागलोय. तिची मोटरसायकल मे महिन्यात औती, म्हणजे आमची मुलगी, घेऊन जाणार. तोवर बॅटरी जिवंत ठेवणं माझ्याकडे. चौतीस वर्षं कागद गिरणीत इलेक्ट्रिशियन होतो, माझ्यासाठी हे काम म्हणजे काहीच नाही. आज १२.७ व्होल्ट. उत्तम.
पुस्तिकेत लिहिलंय, हिवाळ्यात बॅटरी काढून घरात ठेवा. उद्या काढतो.

५ नोव्हेंबर
काढली नाही. बॅटरी काढली की मीटरवरचा फेरीचा आकडा पुसला जातो. ८७.४ किलोमीटर. राइलीची शेवटची फेरी. असू द्यावा. भावनेचा प्रश्न नाही, नोंदीचा आहे.
त्यापेक्षा बॅटरी जागच्या जागी चार्जरला जोडून ठेवीन. फक्त गॅरेजमधलं सॉकेट बंद आहे. सहा वर्षं झाली. राइली दर वसंतात आठवण करून द्यायची. शनिवारी दुरुस्त करतो.

१६ नोव्हेंबर, रविवार
सॉकेट राहिलं. गुडघा दुखतोय.
दुपारी तीनलाच अंधार. आकडा पाहायला गॅरेजमध्ये गेलो. म्हणजे बॅटरी तपासायला. किल्ली फिरवली की या गाडीचा पुढचा दिवा आपोआप लागतो. समोर खिळ्यावर तिचं जॅकेट आहे. त्याचा चंदेरी पट्टा एकदम पेटला आणि जॅकेटच्या आत कोणीतरी असल्यासारखं वाटलं. पट्ट्याचा गुणधर्म आहे तो.
मीटरवरचं घड्याळ एक तास पुढे आहे. इथे हिवाळ्यासाठी सगळे घड्याळं तासभर मागे घेतात, ते यंदा ती गेल्यानंतर झालं. तिला कोण सांगणार? बदललं नाही. १२.५.

१७ नोव्हेंबर
झोप नाही. त्या शेवटच्या फेरीला ती सोत्कामोला हेल्वीकडे, तिच्या मोठ्या बहिणीकडे गेली होती. अडतीस किलोमीटर. जाऊन-येऊन शहात्तर.
मग वरचे अकरा कुठले?

३० नोव्हेंबर, रविवार
मी संशयी माणूस नाही. पण राइली गायची त्या चर्चच्या गायनवृंदात जाड आवाजाचा एक विधुर आहे. त्याचं घर हमरस्त्यापासून आत. कारने जाऊन मोजलं. आत जाऊन बाहेर यायला अठरा किलोमीटर. अकराशी जमत नाही. तो अंगणात बर्फ उपसत होता. त्याने हात केला. मी केला नाही. परत फिरून गेलो आणि केला.
१२.३. सॉकेट पुढच्या आठवड्यात नक्की.

१४ डिसेंबर, रविवार
औतीचा फोन. बॅटरी कशी आहे? म्हटलं, चार्जरवर आहे. तशी चार्जरच्या शेजारीच आहे. "बाबा, सॉकेट केलंस का?" म्हटलं, झाल्यातच जमा. "मग तोवर घरातून लांब वायर ओढ ना." तिला समजावलं की बर्फातून वायर ओढणं सुरक्षित नसतं. तिने वायरचा विषय सोडला. मग म्हणाली, "जेवतोस ना नीट?"
१२.१. आता किल्ली फक्त रविवारी, आणि दहा सेकंद.

२४ डिसेंबर, बुधवार
कबरीवर मेणबत्ती लावली. सौना, म्हणजे वाफेची न्हाणी, एकट्यासाठी तापवली, मग आत गेलो नाही.
रविवार नाही, पण सण आहे. किल्ली फिरवली. स्टूल घेऊन दिव्याच्या उजेडात बसलो. मोठ्याने विचारलं, कुठे गेली होतीस गं? आवाज गॅरेजभर फिरला. जॅकेटची एक बाही हलली. दाराला फट आहे, तिथून वारा येतो. दिवा पिवळा पडेपर्यंत बसलो. दहा सेकंदांपेक्षा जास्त झाले असतील. व्होल्ट मोजले नाहीत.

६ जानेवारी
उणे सत्तावीस. किल्ली फिरवली. काही नाही. दिवा नाही, घड्याळ नाही, आकडा नाही. बॅटरी गोठून दोन्ही बाजूंनी फुगली आहे.
हल्लीच्या बॅटऱ्या पूर्वीसारख्या राहिल्या नाहीत.

७ जानेवारी
सॉकेट दुरुस्त केलं. अठरा मिनिटं लागली.

१ मार्च, रविवार
हेल्वी आली, भात भरून भाजलेल्या पुऱ्यांचा डबा घेऊन. कॉफी ओतता ओतता विचारून टाकलं. ती आधी हसली, मग चष्मा पुसत बसली. म्हणाली, "अरे ताइस्तो, तळ्याचा वळसा तो! दर खेपेला मारायची. घरापर्यंत यायची, खिडकीत तू उभा दिसलास की तशीच पुढे. म्हणायची, आत गेले की सुरू होणार: क्लच कसा दाबलास, साखळीला तेल घातलंस का, उशीर का झाला. एक वळसा मारला की ऐकून घ्यायला बळ येतं."
मी म्हटलं, मी असलं काही विचारत नाही.
हेल्वी म्हणाली, आल्यापासून माझ्या टायरांबद्दल तू तिसऱ्यांदा विचारलंयस.
जाताना तिने मला जवळ घेतलं. "वळसा मारून यायची तर तुझ्याकडेच ना," म्हणाली. ही बाई काहीही बोलते.
रात्री दोनदा वाटलं की फाटकाशी गाडी हळू झाली आणि पुढे गेली. उठून पाहिलं नाही.

९ मे, शनिवार
औती नवी बॅटरी घेऊन आली. तिनेच बसवली. मी मध्ये पडलो नाही. पाना कसा धरायचा तेवढं सांगितलं.
म्हणाली, "बस मागे, बाबा." राइलीने चार उन्हाळे हेच म्हटलं होतं, तेव्हा कधी बसलो नव्हतो. बसलो. तळ्याच्या रस्त्याला लागलो. बर्फ फुटलंय, पाणी काळं दिसतं. ठरवून एक शब्द बोललो नाही. फक्त वळणाआधी क्लच, आरसा, रस्त्यावर हरिण येऊ शकतं ते, आणि परत एकदा क्लच.
होड्यांच्या धक्क्यापाशी तिने गाडी थांबवली. रागावली नव्हती. म्हणाली, "बाबा, इथून घर दीड किलोमीटर. तू चालत जा हं. मी एक वळसा मारून येते."
उतरलो. चालत आलो. पाण्यापलीकडून गाडीचा आवाज येत होता. क्लच बरोबर दाबत होती.
घरी आल्यावर खिडकीत उभा राहिलो नाही. खुर्ची ओढून बसलो.