मरून कापडावरचा हिरवा दोरा

मृत्युपत्र

लिहून ठेवणार : उदयसिंह लालासाहेब शेडगे, निवृत्त सुभेदार, वय ६८ वर्षे, राहणार गोडोली, सातारा.

हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हाताने, दिवसाउजेडी, पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो आणायची कल्पना वकिलांची. ज्या पोराने तो लिहून दिला त्याने मला माझे वय दोनदा विचारले आणि दोन्ही वेळा चुकीचे लिहिले, पण शिक्का बरोबर मारला. माझ्यावर कोणाचा दबाव नाही, धाक नाही. उलट मी हे लिहू नये असे एकाला फार वाटत होते. त्याचे नाव कलम ४ मध्ये येईल. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही.

१. गोडोलीतील दोन खोल्यांचे राहते घर आणि बँकेतील ठेव माझी मुलगी सौ. शिवांजली, राहणार सांगली, हिला द्यावी. तिचा हक्कच आहे, त्यात माझे उपकार नाहीत. बाहेरच्या खोलीच्या भिंतींना एकेचाळीस खिळे आहेत. ते उपटून भिंत लिंपून घ्यावी. तिची आई, कै. हरणाबाई, हयात होती तोवर हेच सांगत होती.

२. माझी स्कूटर जावयांना. ती किकवर चालते. किक मारायला लागणारी ताकद त्यांनी स्वतःची आणावी.

३. आता मुख्य मिळकतीविषयी. माझ्याकडे अमेरिकेतल्या बास्केटबॉल संघांच्या जुन्या काळच्या एकेचाळीस जर्सी आहेत. सगळ्या अस्सल. म्हणजे कंपनीने संघाचा परवाना घेऊन पुन्हा काढलेल्या, मानेला लेबल, कमरेला चमकता शिक्का. पलटणीच्या संघात मी बास्केटबॉल खेळलो, तेव्हापासूनची ही हौस. निवृत्तीनंतर ती वाढली आणि तिचे काय झाले ते पुढे लिहिले आहे.

सांगलीत दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अशा जर्सी जमवणाऱ्यांची बैठक भरते. जागा श्री. धन्यकुमार चौगुले यांच्या हळदीच्या दुकानावरचा माळा. हे गृहस्थ मूळचे आष्ट्याचे, आणि आष्ट्यातल्या एका शिंप्याकडून वाटेल त्या संघाची जर्सी शिवून घेतात. परवाना नाही, विचारणा नाही. रंग शिकागोचा, पाठीवर नाव 'चौगुले' आणि नंबर चोवीस. चोवीस का, तर तीर्थंकर चोवीस. धर्म त्याच्या जागी ठीक आहे, पण ज्या वर्षाची जर्सी त्या वर्षी त्या संघात चोवीस नंबरचा कोणी होता की नव्हता, याची साधी चौकशीसुद्धा यांनी कधी केली नाही. वर म्हणायचे की आमचे नंबर तीन थर कापड लावून शिवलेले असतात, तुमच्या कंपनीचे नुसते छापलेले. ते खरे आहे. पण चोराने माल नीट घडी करून ठेवला म्हणून तो साव होत नाही.

अकरा वर्षे मी त्या माळ्यावर हळदीत शिंकत हा वाद घातला. साताऱ्याहून एस.टी.ने जायचो. सदऱ्याच्या खिशात घड्याळजीकडून घेतलेले भिंग असे. कोणीही नवी जर्सी आणली की ती आधी माझ्यासमोर यायची. लेबल, शिक्का, उलट्या बाजूची शिवण. नापास झाली की मी ती दोन बोटांनी उचलून मालकाला परत द्यायचो आणि सगळे हसायचे. मला त्यात फार सुख वाटायचे, हे लिहून ठेवतो. हरणाबाई एकदा म्हणाली होती, "आवं, कापडाला भिंग लावतायसा तसं माणसाला बी लावा की कवातरी." तिला बास्केटबॉलमधले काही कळत नाही, असे मी धरून चाललो.

४. माझा पुतण्या चि. वीरधवल याला वाटते की या एकेचाळीस जर्सी त्याला मिळतील. त्याने प्रत्येकीचा फोटो काढून ठेवला आहे आणि कोणती कितीला जाईल हे मोबाइलवर बघून ठेवले आहे. मी गेल्यावर सुतक फिटण्याआधी तो पार्सलच्या खोक्यांची ऑर्डर देईल. म्हणून असे ठरवतो की सर्व जर्सी कवठे महांकाळ येथील सैन्यभरतीची तयारी करून घेणाऱ्या अकादमीच्या मुलांना द्याव्यात. त्या भिंतीवर टांगायच्या नाहीत, घालून खेळायचे. देण्याआधी प्रत्येक जर्सीचे मानेचे लेबल आणि कमरेचा शिक्का कात्रीने कापून टाकावा, कारण लेबल मानेला टोचते आणि खेळताना लक्ष तिकडे जाते. हे कापण्याचे काम वीरधवलने स्वतः करावे. कापलेली सर्व लेबले, शिक्के आणि रिकामी खोकी मी त्यालाच बक्षीस देतो. किंमत त्यांचीच होती, असे तोच सांगत असे.

५. कवठे महांकाळच का, याचा खुलासा करणे भाग आहे.

फेब्रुवारी २०२३ च्या बैठकीला तिथून श्रीमती राजेश्वरी माने आल्या होत्या. त्यांचे पती कै. हवालदार अर्जुना माने माझ्याच पलटणीचे, मला ज्युनिअर. २०१९ साली हृदयविकाराने गेले. बाईंनी पिशवीतून एक मरून जर्सी काढली, नंबर अकरा. अर्जुना पलटणीच्या संघातून खेळला होता, हे गावात निम्म्यांना खरे वाटत असे आणि निम्म्यांना थाप. अकादमीने ती जर्सी काचेत घालून त्याच्या नावानिशी लावायचे ठरवले होते. फक्त कोणा जाणकाराचा शब्द हवा होता. जाणकार म्हणजे मी.

मी भिंग काढले. लेबल नाही. शिक्का नाही. नंबर हाताने शिवलेला आणि किंचित तिरका. डाव्या काखेखाली रफू, तेही हिरव्या दोऱ्याने. मी ते सगळ्यांना दाखवले आणि विचारले की कोणती कंपनी मरून कापडाला हिरवा दोरा लावते. माळ्यावर हशा झाला. बाईंनी जर्सीची घडी घातली, पिशवीत ठेवली आणि चहा न घेता जिना उतरल्या. कोणीतरी माझे बोलणे बैठकीच्या मोबाइल ग्रुपवर टाकले. आठ दिवसांत ते कवठे महांकाळला पोचले आणि काचेची चौकट बनवायला दिली होती ती ऑर्डर रद्द झाली. मेलेला माणूस थापाड्या ठरला, आणि तो मी ठरवला.

त्या वर्षी दसऱ्याला धन्यकुमारांनी मला एक पुडके दिले. सोने समजून घ्या म्हणाले. आत मरून जर्सी होती, आष्ट्याच्या शिंप्याने शिवलेली, नंबर सात. परवाना नसलेली, कोणत्याही कंपनीची नसलेली. मी ती त्यांच्या तोंडावर नाकारली नाही, एवढाच काय तो माझा सभ्यपणा. घरी आणून स्कूटर पुसायला घेतली. दीड वर्ष तिच्याने ऑइल पुसले.

गेल्या एप्रिलमध्ये ते फडके धुऊन तारेवर टाकताना डाव्या काखेखाली हिरवा दोरा दिसला.

आता जे लिहितो ते मला माझ्या नावाइतके ठाऊक होते, तरी लिहितो. पलटणीच्या संघाला कपडे मालकीचे नसत. स्टोअरमध्ये दहा जर्सी. बदली झाली की जर्सी जमा करायची, दर्जी जुना नंबर उसवायचा आणि पुढच्या माणसाचा शिवायचा. लेबल पहिल्याच दिवशी आम्ही ब्लेडने काढायचो. १९८१ साली बोर्डाच्या खांबाच्या खिळ्यात अडकून माझी जर्सी काखेत फाटली. सामना सुरू होता, दर्जीकडे गणवेशाचा हिरवा दोरा होता, त्यानेच त्याने ती उभ्याउभ्या रफू केली. माझा नंबर सात होता. पुढच्या वर्षी माझी बदली झाली आणि जर्सी जमा झाली. ती अर्जुनाला मिळाली, हे मला चाळीस वर्षांनी स्कूटरच्या फडक्याकडून कळले. मी माझीच जर्सी हातात धरून, माझ्याच अंगावर घातलेल्या रफूवर बोट ठेवून तिला नकली म्हटले होते. दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दाखवत फिरणाऱ्याच्या डोळ्यात मुसळ असते म्हणतात. माझ्या डोळ्यात तर भिंगच होते.

सांगलीला जाऊन धन्यकुमारांना विचारले. ते हळदीचे पोते शिवत होते. म्हणाले, "मला त्याच दिवशी दिसलं हुतं, सुभेदार. खिडकीच्या उजेडात अकराच्या आडनं साताची भोकं दिसत हुती. पलटणीत तुमचा नंबर सात, हे तुमीच धा येळा सांगितल्यालं. चारचौघांत तुमास्नी कसं सांगायचं?" बैठकीनंतर ते शिंप्याला घेऊन कवठे महांकाळला गेले, बाईंकडून जर्सी मागून काखेतल्या रफूसकट मापे घेतली, आणि सुभेदार स्वतः ओळखतील, तोवर दम धरा, असे बाईंना सांगून आले. बाईंनी दम धरला. दोन वर्षे. माझा मान राखायला निघालेल्या या हळदवाल्याला एवढे सुचले नाही की तोवर अर्जुनाचा मान कोण राखणार. आणि मी त्याच्यावर चिडायला जावे, तर माझ्याकडे तेवढेही तोंड उरले नव्हते.

६. या मृत्युपत्राच्या पहिल्या मसुद्यात मी असे लिहिले होते की माझ्या मृत्यूनंतर पुढील निवेदन अकादमीच्या मुलांसमोर मोठ्याने वाचावे. त्या ओळीवर काट मारली आहे. काट माझीच आहे, बाजूला सही केली आहे. कारण असे :

साक्षीदार दोन लागतात. धन्यकुमार एक झाले. दुसऱ्यासाठी मे महिन्यात मी कवठे महांकाळला गेलो आणि राजेश्वरीबाईंपुढे मसुदा ठेवला. त्यांनी शेवटपर्यंत वाचला, हे कलम दोनदा वाचले. मग म्हणाल्या, "सही करते. पर तुमी गेल्यावर वाचून मला काय उपेग? जित्तेपनी वाचा. तवा करते सही."

मेल्यावर माफी मागणे सोपे असते, समोरच्याला उलट बोलता येत नाही. इतका भेकडपणा मी पलटणीत एकाचाही खपवून घेतला नसता. म्हणून रविवार दि. १५ जून २०२५ रोजी अकादमीच्या पटांगणात, साठ मुलांसमोर, मी उभा राहून पुढील निवेदन वाचले. पुरावा म्हणून येथे पुन्हा लिहितो :

"हवालदार अर्जुना माने पलटणीच्या संघातून अकरा नंबर घालून खेळले. त्यांची जर्सी खरी आहे. तिच्यावरचा हिरवा दोरा माझ्या फाटक्या काखेचा आहे. ती नकली आहे असे मी म्हणालो, तेव्हा मी चुकलो होतो. त्याहून वाईट म्हणजे मला मजा येत होती."

एका मुलाने विचारले की मग तुमची जर्सी कुठे आहे. मी सांगितले, स्कूटरच्या डिकीत.

७. मला अग्नी देताना तीच घालावी. सात नंबरची, आष्ट्यात शिवलेली, ऑइलच्या डागांसकट. खरी मागण्याचा मला हक्क नाही, ती अर्जुनाची आहे. जन्मभर परवान्यासाठी भांडलेला माणूस बिनपरवान्याच्या जर्सीत जळाला, असे ग्रुपवर कोणी टाकले तर टाकू द्यावे. मी तिथे उत्तर द्यायला नसेन, हा ग्रुपचा फायदा.

८. साक्षीदाराला मिळकतीतले काही देऊ नये, असा वकिलांचा सल्ला आहे. त्यामुळे श्री. धन्यकुमार चौगुले यांना मी काही देऊ शकत नाही, याचे मला समाधान आहे. भिंग मात्र हयातीतच त्यांच्या हवाली केले आहे, तेव्हा ते मिळकतीत धरू नये. चोवीस नंबरविषयीचे माझे मत कायम आहे.

येणेप्रमाणे सात कागदांवर लिहिले, वाचून पाहिले, आणि जे लिहिले ते मला आज मान्य आहे. उद्या बदलावेसे वाटले तर बदलीन, तेवढा जीव अजून आहे.

ठिकाण : सातारा
दिनांक : २४ जून २०२५

सही : उदयसिंह लालासाहेब शेडगे

साक्षीदार

१. धन्यकुमार आप्पासाहेब चौगुले, सांगली. लिहून ठेवणार यांनी माझ्यासमोर सही केली. ते पूर्ण शुद्धीत होते, सही करताना मला दोन शब्द ऐकवले.
सही : ध. आ. चौगुले

२. राजेश्वरी अर्जुना माने, कवठे महांकाळ. लिहून ठेवणार यांनी माझ्यासमोर सही केली. मी येताना अकरा नंबरची जर्सी सोबत आणली होती. सही झाल्यावर सुभेदारांनी ती हातात घेतली आणि बराच वेळ पाहिली. भिंग धन्यकुमारांच्या खिशात होते. सुभेदारांनी ते मागितले नाही.
सही : रा. अ. माने