दोन वाजता वळायचं

प्रिय भिंगरी,

फोनवर तू मला बोलू देत नाहीस, म्हणून लिहायला बसले. अक्षर लागलं नाही तर दोनदा वाच. माझी शाळा चौथीत सुटली, त्यानंतर लिहिलं ते फक्त हॉटेलच्या चादरींच्या कोपऱ्यांवर खोल्यांचे नंबर. त्यामुळं एवढा मोठा कागद बघून मीच जरा दबकले आहे.

तुझा बाप काल सांगत होता की तू डोंगराचा बेत रद्द केलास. का, तर त्याच दिवशी माझं ऑपरेशन आहे. सांगताना चेहरा असा, की जणू पोरीनं घराण्याचं नाव काढलं. मी म्हटलं, तिला कोणी सांगितला होता हा शहाणपणा? तर लागला डोळे पुसायला. हृदयातली झडप माझी बदलायची आहे आणि रडतो हा. लहानपणी डॉक्टरच्या हातात सुई दिसली की पलंगाखाली जाऊन बसायचा. आता पलंगाखाली मावत नाही, एवढाच फरक.

तू त्या हॉस्पिटलच्या बाकावर बसून काय करणार आहेस, ते मला एकदा सांग. मी बघून आले आहे ते बाक. प्लास्टिकच्या खुर्च्या एकमेकींना जोडलेल्या, एकानं पाय हलवला की सगळी रांग हलते. आणि तू पाय हलवल्याशिवाय जेवायलासुद्धा बसत नाहीस. भिंगरी नाव मी उगाच नाही ठेवलं. तू दाराकडं बघत बसणार, तुझा बाप तुझ्याकडं बघत बसणार, आणि नर्स तुम्हा दोघांना पाणी देत फिरणार. ऑपरेशन माझं आहे की तुमचं?

पुढच्या आठवड्यात जाऊ म्हणशील, तर तेही जमणार नाही. उन्हाळा लागला की रानात वणव्याची भीती, म्हणून फाटक बंद करतात. परवानगी त्या एका दिवसाची, नाहीतर थेट पुढच्या वर्षी. हे तूच मला सांगितलंस. मला सगळं ठाऊक आहे, कारण बेत माझ्याच इस्त्रीच्या टेबलावर शिजला. आठवतं ना, तुझा तो नकाशा खिशात राहून राहून असा चुरगळला होता की डोंगर कुठला आणि घडी कुठली कळेना. मी वर ओला रुमाल टाकून इस्त्री फिरवली. तो तुझा चष्मेवाला मित्र असा किंचाळला, की मी त्याच्याच पाठीवर इस्त्री ठेवली असं वाटावं. एक कोपरा जरा तांबूस झाला, ते मान्य. पण त्यानंतर डोंगर सरळ झाला की नाही?

मग तू बोट फिरवत मला वाट सांगितलीस. पहिली बस, मग फाटक, मग ओढा, मग ते झुडपांचं रान, मग हातांनी धरून चढायचा खडक. त्याच्यावर एक माथा येतो तो खोटा. माणसाला वाटतं पोचलो, आणि खरा माथा तिथून पुढं उभाच असतो. मी म्हटलं, हा डोंगर आहे का सरकारी ऑफिस? आणि मग तू तुझा नियम सांगितलास. दोन वाजले की वळायचं. माथा समोर दिसत असला, दहा पावलांवर असला, तरी वळायचं, कारण उजेडात खाली पोचणं हे चढण्यापेक्षा मोठं. मी पोट धरून हसले. एवढा घाम गाळून दहा पावलांवरून परत येणारी माणसं मी पहिल्यांदाच बघत होते. चष्मेवाला मला समजावायला लागला, आणि मी त्याला म्हटलं, बाळा, तू आधी बुटाची नाडी बांध.

आता ऐक, आणि बापाला सांगू नकोस. तू गेल्यापासून मी तो डोंगर चढते आहे. दुपारी जेवण झालं की आडवी होते आणि निघते. पहिल्या दिवशी फाटकापर्यंतच गेले. तिथं कोणी नसतं. फाटक कुरकुरत नाही, नुसतं उघडतं. गुडघा दुखत नाही, दम लागत नाही. अंगावर लाँड्रीतला निळा एप्रन आणि पायात घरातल्या सपाता. दुसऱ्या खेपेला ओढा लागला. पाणी असं गार, की सपाता हातात घेऊन मी मध्येच उभी राहिले आणि ते घोट्याभोवती फिरत राहिलं. पलीकडं रान. तू कमरेएवढी झुडपं म्हणाली होतीस. माझ्या रानात ती डोक्यावरून जातात, आणि मी पुढं झाले की बाजूला होतात, दोरीवरच्या चादरींसारखी. ओल्या चादरींमधून मी जन्मभर चालले आहे, मला वाट सापडते. उंच झाडांची साल सुटून लोंबत असते, वारा आला की सळसळते, आणि त्या सळसळीत कुठंतरी पुढं तू चाललेली असतेस. दिसत नाहीस. बुटांचा आवाज तेवढा येतो. मग तुझा बाप चहा घेऊन येतो आणि, आई, जागी आहेस का, असं विचारून मला डोंगरावरून खाली ढकलतो. दुसऱ्या दिवशी जिथं सोडलं तिथून पुढं.

म्हातारीचं डोकं फिरलं म्हणशील. फिरलेलं नाही. हॉटेलच्या लाँड्रीत माझ्या टेबलासमोर खिडकी होती, आणि खिडकीत हाच डोंगर. वाफेनं काच धुरकटलेली असायची, त्यामुळं तो कधी अर्धाच दिसायचा, कधी नुसता माथा तरंगत असायचा, खाली काहीच नाही. लोक लांबलांबून येऊन चढायचे आणि संध्याकाळी मळके कपडे माझ्या टोपलीत टाकायचे. त्यांच्या पायमोज्यांना चिकटलेली कुसळं मी एकेक करून काढायची. डोंगर माझ्या हाताला लागला तो एवढाच, कुसळं आणि तांबडी माती. वर जावंसं वाटलं नाही का, असं तू एकदा विचारलं होतंस. अगं, वाटायला वेळ कुणाला होता?

परवा भुलीचा डॉक्टर भेटून गेला. पोरगेला आहे, पण हात स्वच्छ ठेवतो. मी विचारलं, त्या झोपेत माणूस जातो कुठं? म्हणाला, आजी, कुठं जात नाही. मी विचारलं, तुम्ही कधी झोपला आहात का तसे? म्हणाला, नाही. मग गप्प बसा, म्हटलं. तो हसला आणि म्हणाला, डोळे मिटताना आवडीच्या जागेचा विचार करा, आम्ही सगळ्यांनाच सांगतो. मी आवडीची जागा शोधत बसले. लाँड्री, स्वयंपाकघर, मोरी. शेवटी माझ्या वाट्याला निघाला तो हा न चढलेला डोंगर.

आणि म्हणून हे पत्र. चार दिवसांपूर्वी मी त्या खोट्या माथ्यावर पोचले. तिथं दगडावर तुझे आजोबा बसले होते, गेले तेव्हा अंगात होता तोच स्वेटर. मला बघून नवल नाही की काही नाही. जरा सरकले, दगडावर जागा केली आणि म्हणाले, बस ना थोडी, दमली असशील. जन्मभर हा माणूस बसलेला आणि मी उभी. मला जागा करून दिली ती पहिल्यांदा तिथं. खरं सांगते, बसावंसं वाटलं. हवा छान होती, ऊन उतरतच नव्हतं. तेवढ्यात चहा आला म्हणून सुटले. ऑपरेशनच्या दिवशी चहा घेऊन कोणी येणार नाही, भिंगरी. म्हणून तू जायचंस. तुम्ही रानात शिराल त्या सुमाराला मला झोपवतील, मी डॉक्टरला विचारून ठेवलं आहे. मी तुझ्या मागंच असेन. माथा मिळाला तर डोळे भरून बघ. पण दोन वाजले की वळायचं, माथा हाताला लागत असला तरी. त्या नियमाला मी हसले होते, आता हसत नाही. आणि वळताना मला मोठ्यानं हाक मार, चष्मेवाला काय म्हणेल याची लाज धरू नकोस. आजी, चल, एवढंच. बाकीचं मी बघते. आजोबांना सांगेन, नात थांबली आहे, मला उजेडात खाली पोचायचं आहे. तुम्ही बसा, तुम्हाला सवय आहे.

तुझ्या मागून उतरणारी,
तुझीच
आजी