डाव्या पुडीवरची सही

ईश्वरप्पा,

मी अन् अप्पा मृदंग घेऊन मठात गेलोत. भाकरी टोपल्यात हाय. पाणी जपून वापर, टँकरचा भरवसा न्हाई.

लातूर जिल्हा झाला तवाच्या, ब्याऐंशी सालच्या जलशात एका मोठ्या बुवांनी मृदंगावर सही केली, म्हणून दुप्पट मोल, असं तू गिऱ्हाइकाला सांगितलंस. सही डाव्या पुडीच्या कातड्यावर हाय. त्याच पुडीला अप्पा दर सोमवारी भजनाला आवाज घुमावा म्हणून कणीक लावतात, अन् वाजवून झालं की ओल्या फडक्यानं पुसतात. दुष्काळातबी खाडा केला न्हाई. मग तवाची शाई आजवर टिकली कशी? अन् गिऱ्हाईक यायच्या आधी ती आमाला कुणालाच कशी दिसली न्हाई?

गिऱ्हाईक आलं तर मठात घेऊन ये. सहीवर कणीक थापून अप्पा वाजवायलेत.

अक्का