आईने वाचलेलं शेवटचं पान

ताई,

माझ्या पुस्तकाची दुसरी आवृत्ती निघतेय, प्रकाशकांनी आज सकाळी फोन करून सांगितलं. "नव्या लेखकाने रोज दिसायला हवं, नाहीतर लोक विसरतात," असं तेच म्हणाले होते. म्हणून मी आईला मोबाइलसमोर रोज एक पान वाचायला लावायचो. मध्येच ती म्हणायची, "किती लांबण लावलीयस रे! आधी दाढी कर." लोकांना तेच आवडायचं.

ती जाऊन तीन आठवडे झाले, हे मी वाचकांना सांगितलेलं नाही. साठवलेले व्हिडिओ रोज टाकतोय. तू ते पाहतेस, म्हणूनच माझा फोन उचलत नाहीस. हे पत्रही तुला पाठवायचं धाडस नाही.

आता एकच व्हिडिओ उरलाय. त्यात ती खोकत पाणी मागते आणि मी म्हणतो, "आधी पान संपव." तेवढं कापून उद्या सकाळी तो टाकणार आहे.

तुझा,
धाकटा