बाकावरचे बाबा

धाकट्या,

आज लिलावात बाबांच्या हॉकी संघाचं पोस्टकार्ड पाहिलं. आपलं कार्ड घर आवरताना हरवलं असं तू सांगितलं होतंस, म्हणून हे नकली निघावं एवढ्याच आशेने मी गेले होते. माळ्यावर हरवलेलं कार्ड आपल्या पायांनी लिलावात येत नाही.

भिंग लावलं. नव्या छपाईत बारीक ठिपके दिसतात, इथे एकही नव्हता. नोटा तपासायच्या निळ्या दिव्याखाली नवा कागद चमकतो, हा मख्ख राहिला. चहात बुडवून जुना केलाय का, म्हणून वासही घेतला.

शेजारी बसलेला जुन्या वस्तूंचा व्यापारी हसला. "ताई, कार्ड बघताय की भाजी निवडताय?"

मग मागचा मजकूर वाचला. बाबांनी आईला लिहिलेला. "आजही बाकावरच बसलो. पँट झिजली, बूट मात्र नवेकोरे आहेत." खोटं कार्ड करणाऱ्याने बाबांना निदान एक गोल तरी मारू दिला असता.

"खरं की खोटं?" व्यापाऱ्याने विचारलं.

खोटं म्हटलं असतं तर कार्ड स्वस्तात माझ्या पदरात पडलं असतं. पण बाबांना खोटं म्हणायला जीभ रेटेना. "खरं आहे," म्हणाले. त्याने बोली लावली आणि कार्ड घेऊन गेला.

संध्याकाळी तुझा फोन. "ताई, कार्ड कुठे जातंय गं? रविवारी माळ्यावर पुन्हा शोधतो."

"ये," म्हणाले.

हे पत्र मी पाठवणार नाही. तू माळ्यावर काय काय शोधतोस, ते मला खालून बघायचंय.

शिडी घट्ट धरणारी,
तुझी ताई